हलकी रोडबाईक घ्यायची का? आधी दोन बाटल्या पाणी घेऊन सिंहगड चढून बघा

सायकलच्या दुकानात गेल्यावर आपण सगळे एकच करतो. टॉप ट्यूबखाली (फ्रेमची वरची आडवी नळी) दोन बोटं घालायची, सायकल उचलायची आणि "आयला काय हलकीये" म्हणायचं. सेल्समनला हे पाठ असतं, तो आधी चाळीस हजारवाली उचलायला देतो आणि लगेच दोन लाखवाली, आणि तिथेच आपली विकेट पडते. माझीपण पडली. फसलो असं नाही म्हणणार, सायकल मस्तच आहे, पण ज्या कारणासाठी एवढे पैसे मोजले ते कारण अर्ध्याहून जास्त चुकीचं निघालं, आणि ते कळायला मला सात-आठ महिने लागले. तुम्ही नवीन असाल, पहिली किंवा दुसरी रोडबाईक बघत असाल, तर खालच्या क्रमाने जा, एका रविवारात बरंचसं कळेल.

पहिलं काम, वजनकाटा. बॅगा मोजायचा हूकवाला डिजिटल काटा तीन-चारशे रुपयांत मिळतो, तो घ्या आणि तुम्ही जशी चालवता तशी सायकल मोजा, म्हणजे पेडल, बॉटल केज, मागची पिशवी, पंक्चर किट, पंप, लाईट सगळं लावून. कॅटलॉगमधल्या आकड्यावर जाऊ नका, तो बहुतेक वेळा लहान साईजच्या फ्रेमचा आणि बिनपेडलचा असतो, आणि नुसती पेडलच अडीचशे-तीनशे ग्रॅमची असतात. मग स्वतःला मोजा, सायकलिंगचे कपडे, शूज, हेल्मेट, खिशातला मोबाईल आणि दोन चिक्क्यांसकट. माझं तेव्हाचं सांगतो. मी ७६, सायकल १०.६, भरलेल्या दोन बाटल्या पावणेदोनच्या आसपास, बाकी सटरफटर अडीच किलो. एकूण ९१ किलो. घाट या ९१ किलोला चढवायचा असतो, सायकलीला एकटीला नाही. दुकानात बोटांवर उचलतो तेव्हा १०.६ विरुद्ध ८.४ एवढंच जाणवतं आणि ते खूप वाटतं. रस्त्यावर ते ९१ विरुद्ध ८८.८ असतं.

आता दुसरं काम, हिशोब, आणि हा तिसरी-चौथीतला आहे, घाबरू नका. वाचणारे किलो भागिले एकूण किलो, गुणिले तुमचा घाटाचा वेळ. बास. सिंहगड धरा, पुण्यातल्या सगळ्यांची मोजपट्टी तीच आहे. गोळेवाडीपासून वरच्या पार्किंगपर्यंत साधारण ९ किलोमीटर, चढाई सहाशे मीटरच्या आसपास. मला तेव्हा ६५ मिनिटं लागायची. दोन किलो भागिले ९१ म्हणजे सव्वादोन टक्के, ६५ मिनिटांचे सव्वादोन टक्के म्हणजे दीड मिनिटाला थोडं कमी. मंद घाट चढताना वेग आठ-नऊचा असतो, वारा फारसा अडवत नाही, सगळा जोर वजन वर न्यायला जातो, म्हणून हा सोपा हिशोब घाटात बऱ्यापैकी बरोबर येतो.

दीड मिनिट म्हणजे थोडं की फार ते तुमचं तुम्ही ठरवा. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला घाटाचा राजा म्हणतात, त्या किताबासाठी पळणाऱ्याला दीड मिनिट म्हणजे अख्खं जग आहे. मला वर जाऊन पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायचं असतं, आणि दहीवाल्या मावशी दीड मिनिटात कुठे जात नाहीत.

सपाटीला हाच हिशोब लावू नका, तिथे गंमतच वेगळी आहे. २८ च्या स्पीडने सरळ रस्त्यावर चालला असाल तर तुमचा जवळपास ८० टक्के जोर हवा कापण्यात जातो, उरलेला बराचसा टायरमध्ये. दोन किलो कमी केले तर वाचतो किती, जेमतेम एक वॅट. एक! म्हणजे नागपूर-वर्धा साईडला किंवा मुंबईत मरीन ड्राईव्हला पहाटे फेऱ्या मारणाऱ्याने वजनासाठी लाख रुपये घालणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं आहे. त्यापेक्षा फडफडणारं विंडचीटर काढून अंगाला बसणारी जर्सी घाला, हात ड्रॉप्समध्ये ठेवायची सवय करा, कोपर थोडं वाकवा, याचा फरक कितीतरी जास्त पडतो आणि फुकट आहे, किंवा जवळपास फुकट. ड्रॉप्स म्हणजे हँडलची ती खालची वळलेली शिंगं, नवीन लोक वर्षभर तिथे हातच लावत नाहीत, भीती वाटते म्हणून. आणि उतारावर हलक्या सायकलीचा काहीच फायदा नाही, उलट जडवाला बाजूने भर्रकन निघून जातो.

आता तिसरं काम, आणि सगळ्यात महत्त्वाचं हेच. विकत घ्यायच्या आधी फरक स्वतःच्या पायांनी अनुभवा. एक-एक लिटरच्या दोन बाटल्या घ्या. एका रविवारी दोन्ही काठोकाठ भरून घाट चढा, आणि पायथ्याला पाणी पिऊन घ्या म्हणजे वाटेत बाटल्या रिकाम्या होणार नाहीत. पुढच्या रविवारी त्याच वेळेला दोन्ही रिकाम्या नेऊन चढा, पाणी वर भरा. हा झाला बरोब्बर दोन किलोचा फरक, म्हणजे दुकानदार ज्याचे लाख-दीड लाख मागतोय तेवढाच. हे डिसेंबर-जानेवारीत पहाटे करा, एप्रिलमध्ये कोरड्या बाटल्या घेऊन गड चढायला जाऊ नका, चक्कर येऊन पडाल. आणि एकेकदा करून भागत नाही, दोन-दोनदा तरी करा.

मी हे केलं तेव्हा काय झालं माहितीये? भरलेल्या बाटल्यांची एक फेरी रिकामीपेक्षा फास्ट आली. कारण तिच्या आदल्या रात्री नीट झोपलो होतो, आणि रिकाम्या फेरीच्या आदल्या दिवशी लग्नाला जाऊन तीन वाट्या बासुंदी झाली होती. दिवसागणिक माझाच वेळ दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे होतो, त्यात सायकलीचं दीड मिनिट शोधायचं म्हणजे भाताच्या पोत्यातला खडा. याचा अर्थ तो फरक नाहीये असा नाही, प्रत्येक वेळी तो मिळतोच, पण "हलकी घेतली आणि उडायला लागलो" असं कोणी सांगत असेल तर त्याने सोबत अजून काय काय बदललं ते विचारा.

माझंच घ्या ना. नवीन कार्बन फ्रेमची सायकल आली, ८.४ किलो, पहिल्याच रविवारी सिंहगड साठ मिनिटांत. पाच मिनिटं कमी! मी सोसायटीत, ऑफिसात, सासुरवाडीत, जिथे जाईन तिथे सांगत सुटलो. हिशोबाने दीड यायला हवी होती, मग उरलेली साडेतीन कुठून आली हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही, कारण पडू द्यायचा नव्हता, दोन लाख गेले होते. पुढे पावसाळ्यात जुनी सायकल बाहेर काढली, नवी चिखलात घालायला जीव होत नव्हता, आणि मेकॅनिककडून तिला नव्यासारखी मोठी कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) आणि चांगले टायर घालून घेतले. पाऊस संपल्यावर त्याच जुन्या १०.६ किलोच्या सायकलीवर गड ६१ मिनिटं आणि काही सेकंदांत. मग डोक्यात उजेड पडला.

म्हणून चौथं काम, हलकी घ्यायच्या आधी जी आहे तिची ही तीन कामं उरका, सगळी मिळून बहुधा पंधरा हजाराच्या आत बसतील.

गियर. हे नवीन माणसाला कोणी सांगतच नाही. स्वस्त रोडबाईकवर पुढे ५० आणि ३४ दातांची दोन चक्रं आणि मागे बऱ्याचदा ११ ते २८ दातांची कॅसेट असते. सगळ्यात सोपा गियर पुढे ३४ ला मागे २८. आठच्या स्पीडने चढताना यावर मिनिटाला ५२ च्या आसपास पायडल फिरतात, म्हणजे प्रत्येक फेरीला गुडघ्यावर उभं राहिल्यासारखा जोर. मागचं सगळ्यात मोठं चक्र ३४ दातांचं असेल तर त्याच स्पीडला ६३-६४ फिरतात. ऐकायला थोडं वाटतं पण कोंढणपूर फाट्यानंतरच्या खड्या वळणांवर हाच फरक बसून चढणं आणि उतरून ढकलणं यातला असतो. वजन दोन किलोने कमी केल्यावर चढ सव्वादोन टक्के सोपा होतो, आणि २८ चं ३४ केल्यावर पायडलवरचा जोर सुमारे १८ टक्के कमी लागतो. बघा कुठलं स्वस्त आहे. फक्त मेकॅनिकला आधी विचारा की मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) एवढी मोठी कॅसेट पेलतो का, छोट्या केजचा म्हणजे आखूड दांडीचा असेल तर डिरेलर आणि चेनपण बदलावी लागते. शिमानोच्या गियरसेटमध्ये क्लॅरिस मागे आठ चक्रांचं, सोरा नऊचं, टियाग्रा दहाचं, त्याप्रमाणे कॅसेट घ्या, एकाची दुसऱ्याला बसत नाही.

टायर. सायकलीसोबत आलेले स्वस्त तारेवाले टायर जाड आणि जड असतात, एकेक साडेतीनशे ग्रॅम वगैरे. चांगला फोल्डिंग टायर सव्वादोनशे-अडीचशेचा येतो. पण ग्रॅम विसरा, मुद्दा रबर रस्त्यावर किती सहज फिरतं याचा आहे. बेकार जोडी आणि चांगली जोडी यात २८ च्या स्पीडला दहा-पंधरा वॅटचा फरक सहज असतो, आणि हा सपाटीलाही मिळतो, घाटालाही मिळतो. वरती दोन किलोचा सपाटीवर एक वॅट म्हटलं होतं, आठवतंय ना. रुंदी फ्रेममध्ये बसत असेल तर २८ एमएम घ्या, २३ चा जमाना गेला, आपल्या रस्त्यांवर तर कधीच नव्हता.

हवा. हे एका ओळीत सांगतो, ७५ किलोचा माणूस आणि २८ चा टायर असेल तर ७५-८० पीएसआय पुष्कळ झालं, ११० भरून दगडासारखं करू नका, आणि घरी एक उभा पंप घेऊन ठेवा कारण रोडबाईकच्या बारीक व्हॉल्व्हला पेट्रोलपंपावरची नळी ॲडॅप्टरशिवाय बसत नाही.

यात मी सीटची उंची आणि फिटिंग धरलेलंच नाही, तो वेगळा विषय आहे आणि मोठा आहे, पण सीट दोन सेंटीमीटर खाली असलेले कित्येक लोक महागडी सायकल घेऊन गुडघा चोळत फिरताना बघितलेत.

इथे कोणीतरी म्हणणारच, "पोटावरचे दोन किलो कमी कर ना, फुकटात." हा टोमणा मला अजिबात आवडत नाही. हिशोबाला बरोबर आहे, किलो तो किलो, पण ज्याच्या पोटावर दोन किलो नाहीतच त्याने काय करायचं? आणि बारीक माणसाला खरंतर हलक्या सायकलीचा फायदा जास्त होतो. ४८ किलोच्या मुलीला ११ किलोची सायकल म्हणजे स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्श्याला जवळ. सामानासकट ती ६३ किलो धरा, दोन किलो कमी झाले तर तीन टक्क्यांच्या वर जातं, माझ्या दीडपट. त्यामुळे घरातल्या सगळ्यात लहान चणीच्या माणसाला सगळ्यात जुनी जड सायकल देण्याची जी आपल्याकडे पद्धत आहे ना, ती उलटी करायला पाहिजे.

चाकांबद्दल पण एक ऐकवतात, "चाकातलं वजन डबल मोजायचं." अर्धसत्य. सिग्नलवरून उठताना, स्प्रिंट मारताना, म्हणजे स्पीड वाढवताना रिम आणि टायरचं वजन जास्त जाणवतं हे खरं. एकसारख्या स्पीडने घाट चढताना मात्र चाकातला किलो आणि बाटलीतला किलो सारखाच.

पाचवं काम, मग हलकी घ्यायची कोणी? जो रेस करतो, आणि ज्याच्या टायर, गियर, फिटिंग, सरावात आता काढण्यासारखं फारसं उरलं नाहीये, त्याने जरूर. जो आठवड्यातून दोनदा घाटच करतो, म्हणजे बोपदेव, दिवे, पसरणी, पन्हाळा असंच ज्याचं कॅलेंडर आहे. बारीक चणीचे लोक, ते वर सांगितलंच. आणि एक वर्ग ज्याच्याबद्दल कोणीच बोलत नाही, बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणारे. रोज पहाटे एक हाताने सायकल, दुसऱ्या हातात शूज, अरुंद जिना, शेजाऱ्यांच्या कुंड्या सांभाळत खाली यायचं आणि शंभर किलोमीटर करून थकल्यावर परत वर न्यायचं. इथे मात्र खरोखरच सायकल बोटांवर उचलायची असते, ९१ किलोचा हिशोब इथे लागू नाही. या लोकांना मी बिनधास्त सांगतो, घ्या.

ज्यांना ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राईड, करायच्या आहेत त्यांनी वजनामागे लागू नका. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला वीस, ६०० ला चाळीस. म्हणजे थांबे धरून ताशी पंधराने गेलात तरी पुरतं. तिथे माणसं मागे पडतात ती बूड दुखल्याने, मान आखडल्याने, रात्री लाईट बंद पडल्याने, सायकल दोन किलो जड म्हणून नाही. ते पैसे चांगली सीट, चांगली बिब शॉर्ट्स (खांद्याला पट्टे असलेली गादीवाली चड्डी) आणि लाईटवर घाला.

बजेटचं म्हणाल तर नवीन सायकलींचे ढोबळ टप्पे असे पडतात, भाव दुकानागणिक बदलतात हे धरून चाला. चाळीस-पन्नास हजारांत ॲल्युमिनियम, दहा-अकरा किलो. लाख-सव्वा लाखात नऊ-साडेनऊ, आणि सोबत गियर-ब्रेकही बरे येतात, माझ्या मते पहिल्या उडीला इथेच सगळ्यात जास्त किंमत वसूल होते, ती वजनामुळे नाही तर ब्रेक आणि गियरमुळे. दोन लाखांच्या पुढे कार्बन, आठ-साडेआठ. आणि सात किलोच्या जवळ जायचं तर पाच लाखांच्या पुढे, मग त्याला अंत नाही. म्हणजे पहिला किलो साठ-सत्तर हजारांना, दुसरा लाखाला, तिसरा तीन लाखांना. सराफकट्ट्यावर गेल्यासारखं आहे. बरं, खुद्द प्रो लोकांनापण वाट्टेल तेवढी हलकी सायकल चालत नाही, २००० सालापासून यूसीआयचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा, नियम आहे की रेसमध्ये सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी नको.

सेकंडहँड कार्बन बघत असाल तर हे सहावं काम नीट करा. हौशीने घेतलेल्या आणि वर्षभर बाल्कनीत उभ्या राहिलेल्या सायकली पुण्यात भरपूर विकायला असतात, निम्म्या किमतीत चांगला माल मिळू शकतो. पण ॲल्युमिनियमची फ्रेम आपटली तर बहुतेक वेळा पोचा दिसतो, कार्बन आतून गेलेला असू शकतो आणि वरून रंग झकास. सायकल उजेडात उभी करा, पुसून घ्या, हेडट्यूबच्या (हँडलखालची उभी नळी) मागे, क्रँकच्या (पेडल लावतात तो दांडा) आजूबाजूला, सीटपोस्ट जिथे आत जातो तिथे आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांवर बारीक रेघ, फुगवटा, नवा रंग किंवा संशयास्पद स्टिकर आहे का बघा. रुपयाच्या नाण्याने हळू टकटक करत जा, टणक आवाज येत असताना मध्येच कुठे बद्द झाला तर तिथे पुन्हा बघा, मात्र नाण्यावर सगळा भरवसा ठेवू नका, शंका आली तर कार्बनचं काम करणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. सीटपोस्ट वर-खाली होतो का तेही बघा, कित्येकांचा घामाने आणि धुळीने आत चिकटलेला असतो आणि तो काढताना फ्रेम जाते. पडली होती का हे सरळ विचारा, आणि "नाही" म्हटलं तरी ब्रेक लिव्हरच्या टोकांवर, पेडलच्या बाहेरच्या कडेला आणि डिरेलरवर ओरखडे शोधा. मूळ बिल मागा, क्रँकच्या खाली फ्रेमवर नंबर असतो तो बिलाशी जुळवा.

मला एकाने "फक्त पाचशे किलोमीटर चाललेली" म्हणून जी दाखवली होती तिची चेन किती झिजलीये ते मोजलं तर बदलायला आलेली होती आणि मागचे दात शार्कसारखे झालेले. मी चहा पिऊन निघून आलो.

ट्रायल घ्यायला जाताना तुमची स्वतःची पेडल आणि ती काढायचा पाना किंवा ॲलन की घेऊन जा, बऱ्याच दुकानांत महागड्या सायकली बिनपेडलच्या उभ्या असतात आणि मग पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या पेडलवर एक चक्कर मारायला देतात, त्यातून काही कळत नाही. निदान वीस मिनिटं मागा, एखादा चढ मागा, पुण्यात डहाणूकर किंवा एनडीए साईडचा जो जवळ असेल तो. आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हं, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की सुटतं, जोर लावून भलतीकडे फिरवलंत तर दुकानदाराचा क्रँक तुमच्या गळ्यात पडेल.